एकदाच करायचा कोर्स

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर जेवणाच्या लायनीत उभे होतो आणि आमच्या ओळखीतला एक डॉक्टर, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर ज्याला इकडे प्रायमरी केअर म्हणतात, तो करवादत होता. लायसन्स रिन्यू करायचं म्हणजे हा कोर्स, तो कोर्स, ओपिऑइड्सचा कोर्स, घरगुती हिंसाचाराचा कोर्स, आणि आता त्यात डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाही. "पोरं झोपली की रात्री लॅपटॉप उघडायचा, स्लाइड्स पुढे ढकलायच्या, शेवटी चार प्रश्न आणि सर्टिफिकेट. कुणाचं काय भलं होतं सांग ना यानं?" मी काही बोलले नाही, कारण मागे लाईन खोळंबली होती आणि मसालेभात संपत आलेला दिसत होता. पण प्रश्न डोक्यात राहिला. हे लिहितेय ते त्याला त्या दिवशी न दिलेलं उत्तर समजा, आणि अर्धं उत्तर त्याच्या बाजूनंच आहे हेही आधीच सांगते.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो. इथे ऑगस्ट २०१८ मध्ये अल्झायमर आणि डिमेन्शियाबद्दलचा एक कायदा झाला, गव्हर्नर चार्ली बेकर यांनी सही केली. (त्यांच्या स्वतःच्या आईला अल्झायमर होता. कायदे कधीकधी असेही होतात, सही करणाऱ्याच्या घरात काय घडलंय त्यावरून.) त्यात बऱ्याच गोष्टी आहेत, पण ज्याला घरात म्हातारं माणूस आहे त्यानं लक्षात ठेवावं असं तीनच. मोठ्या माणसांना तपासणाऱ्या डॉक्टर, नर्स, फिजिशियन असिस्टंट यांनी या आजाराचं निदान, उपचार आणि काळजी याचं ट्रेनिंग घ्यायचं, लायसन्सशी जोडलेलं. निदान झालं की डॉक्टरनं ते घरच्यांना सांगायचं आणि पुढच्या काळजीचं प्लॅनिंग कसं करायचं याची माहिती द्यायची. आणि राज्यातल्या हॉस्पिटल्सनी १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत डिमेन्शियाचा पेशंट कसा ओळखायचा आणि कसा सांभाळायचा याचा प्लॅन करून तो अमलात आणायचा. म्हणजे माणूस पाय मोडून आला असेल, न्यूमोनिया होऊन आला असेल, तरी त्याला हाही आजार आहे हे हॉस्पिटलला कळलं पाहिजे.

आता डॉक्टरांचा तो कोर्स करियरमध्ये एकदाच करायचा आहे. एकदाच! त्यावरही आमचा मित्र करवादतो, हे मला तेव्हाच बोलायला हवं होतं खरं.

आमच्याकडे सासरे आहेत. अण्णा. आख्खी नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून रिटायर झाले, गडहिंग्लज, गारगोटी, शेवटी कोल्हापूर. सासूबाई गेल्यावर नवऱ्यानं त्यांना इकडे आणलं. पहिली दोन-तीन वर्षं मजेत होते, बागेत वांगी लावायचे, कुणी पाहुणा आला की तो मूळचा कुठला ते विचारून त्याच्या गावाला कुठली गाडी किती वाजता जायची ते सांगायचे आणि पाहुणा खूश. नंतर ते वेळापत्रकच जास्त यायला लागलं. सकाळी तेच, दुपारी तेच. मग फिरायला गेले की घर सापडेना, त्यात इथली घरं म्हणजे एकाच साच्यातली, तिशीतला माणूसही चुकेल, त्यामुळे आम्हीही हसण्यावारी नेलं. मग एकदा गॅसवर दूध ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसले आणि बाहेर आल्यावर कुणी ठेवलं म्हणून आमच्यावरच चिडले.

त्यांचा तेव्हाचा डॉक्टर माणूस चांगला होता. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, सगळं वेळच्या वेळी. पण भेट पंधरा मिनिटांची, आणि अण्णा त्या पंधरा मिनिटांत एकदम टकाटक. इस्त्रीचा शर्ट, हात पुढे करून "गुड मॉर्निंग डॉक्टर, फर्स्ट क्लास". ज्यानं तीस-पस्तीस वर्षं चिडलेल्या पॅसेंजरांना गोड बोलून गाडी येईपर्यंत थोपवून धरलंय त्याला एक डॉक्टर पंधरा मिनिटं थोपवणं काय अवघड आहे? आठवण जाते, हिशोब जातो, पण लोकांशी वागण्याची जी सवय अंगात मुरलेली असते ती फार उशिरा जाते, आणि घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी विसरण्याबद्दल बोलले तर उत्तर मिळालं, या वयात होतंच थोडं. झोप लागत नाही म्हटल्यावर औषधाच्या दुकानात बिनाचिठ्ठीची मिळते ती झोपेची गोळी घ्या म्हणाले.

त्या गोळीत डायफेनहायड्रामिन असतं. सर्दी-ॲलर्जीचं जुनं औषध, गुंगी येते म्हणून झोपेच्या नावाखाली विकतात. म्हाताऱ्या माणसांना कुठली औषधं टाळावीत याची बिअर्स यादी म्हणून एक यादी अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी काढते, तिच्यात हे नाव आहे आणि डिमेन्शिया असेल तर टाळाच असं आहे, कारण मेंदूतलं जे रसायन आधीच कमी पडतंय त्यावरच ते घाव घालतं. आम्हाला हे कुठून माहीत असणार. अण्णा दोन आठवड्यांत असे झाले की नवऱ्याला वाटलं स्ट्रोकच आला. गोळी बंद केली तेव्हा बरेच सावरले, पण आधी होते तिथे परत आले नाहीत.

मग दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या. वयानं तशा लहानच, आणि त्यांनी पहिल्याच भेटीत एक साधी गोष्ट केली. अण्णांना नर्सबरोबर वजन करायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "गेल्या वर्षी करायचे आणि आता करत नाहीत असं काय काय आहे?" बस, एवढंच. मी सुरू झाले ती थांबेना. मग त्यांनी बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलं, कारण ते कमी असेल तरी माणूस असा वागू शकतो आणि ते तर गोळीनं, इंजेक्शननं भरून निघतं. बी-ट्वेल्व्ह खरंच कमी निघालं. जन्माचे शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्या गोळीनंही बी-ट्वेल्व्ह उतरतं. भरून काढलं, थोडा फरक पडला, बाकीचं राहिलं. मग मराठी दुभाषी फोनवर घेऊन मेमरीची टेस्ट झाली, घड्याळ काढा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या. अण्णांनी गोल काढला, आकडे सगळे उजव्या बाजूला एकावर एक कोंबले आणि काटे काढायच्या ऐवजी खाली लिहिलं, "गाडी वेळेवर".

या बाईंना मी नंतर एकदा विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात. त्या म्हणाल्या मेडिकल स्कूलमध्ये यातलं जवळजवळ काहीच नव्हतं, नंतर शिकले. ही त्यांची एकटीची गोष्ट नाही. अल्झायमर्स असोसिएशन म्हणून या आजारावर काम करणारी इथली संस्था आहे, तिनं २०२० मध्ये प्रायमरी केअर डॉक्टरांचा सर्व्हे केला होता, त्यात २२ टक्के जणांनी सांगितलं की रेसिडेन्सीत, म्हणजे मेडिकल स्कूलनंतर हॉस्पिटलमध्ये करायच्या उमेदवारीत, डिमेन्शियाचं ट्रेनिंग अजिबात नव्हतं, आणि ज्यांना होतं त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी ते अगदीच थोडं होतं असं सांगितलं. आणि पहिलं निदान करतं कोण? न्यूरॉलॉजिस्ट नव्हे. ८५ टक्के लोकांचं पहिलं निदान स्पेशालिस्ट नसलेल्या डॉक्टरकडे होतं, बहुतेक वेळा याच पंधरा मिनिटंवाल्या प्रायमरी केअरकडे. म्हणजे ज्याच्या दारात पेशंट येतो त्यालाच शिकवलेलं नाही. म्हणून मित्रा, तुझ्या स्लाइड्स.

घरच्यांना सांगायच्या कलमाचं मला आधी हसू आलं होतं. आपल्याकडे तर डॉक्टर पेशंट सोडून सगळ्यांना सांगतो, मुलाला, जावयाला, बाहेर बाकड्यावर बसलेल्या गाववाल्याला. इथे उलटं, पेशंटची प्रायव्हसी म्हणून घरच्यांना काही सांगायचं नाही, आणि पेशंटला सांगितलं तर तो विसरणार, अशी गंमत. पण खरं म्हणजे पेशंटलाही सांगत नाहीत. २०१५ च्या असोसिएशनच्याच अहवालात होतं की अल्झायमर असलेल्यांपैकी फक्त ४५ टक्के जणांना, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना, डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलेलं आठवत होतं. कॅन्सरच्या बाबतीत तो आकडा नव्वदीच्या वर आहे. फाइलमध्ये लिहून ठेवतात पण तोंडानं सांगत नाहीत, कारण सांगून करायचं काय हेच सांगणाऱ्याला माहीत नसतं. औषधं आहेत ती थोडीफार, बरं करणारं काही नाही. पण करण्यासारखं खूप असतं. बँकेचं, मृत्युपत्राचं, घराचं काय ते माणूस सही करण्याच्या स्थितीत असताना उरकायचं असतं, गाडीच्या किल्ल्या काढून घ्यायच्या असतात, आणि भावंडांत कोण काय करणार हे भांडून एकदाचं ठरवायचं असतं. अण्णांच्या बाबतीत आम्हाला पेन्शनच्या जॉइंट खात्याचं आणि गावच्या जमिनीचं करायला वेळ मिळाला तो या बाईंनी स्पष्ट सांगितलं म्हणून.

हॉस्पिटलचं मात्र सविस्तर सांगायला हवं.

अण्णांना युरिन इन्फेक्शन झालं आणि एका रात्रीत पार भ्रमिष्ट झाले. याला डिलिरियम म्हणतात, आधीच डिमेन्शिया असलेल्या माणसाला साध्या इन्फेक्शननंही होतो, आणि हॉस्पिटलच्या खोलीत तो आणखी भडकतो. लाइट सतत चालू, मशीनचं टीटीट, दर दोन तासांनी कुणीतरी अनोळखी येऊन इंग्रजीत दंडाला पट्टा बांधणार. पहिल्या रात्री नर्सनं बिचारीनं तिला येत होतं ते केलं. बेडचे कठडे वर, उठले की वाजणारा अलार्म, आणि अण्णा उठायला गेले की "सर, प्लीज सिट डाउन, सर". अण्णा आणखी जोरात. सलाइन ओढून काढलं. नवऱ्यालाही ओळखेनात, त्याला "तुमचं तिकीट बघू" म्हणाले. मग डॉक्टरला बोलवून गुंगीचं काहीतरी द्यायची भाषा सुरू झाली. ती भाषा मला आता कळते, अशा माणसांना जी अँटिसायकोटिक, म्हणजे मुळात भास-भ्रमावरची, औषधं देतात त्यांच्यावर अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, २००५ मध्येच काळ्या चौकटीतली वॉर्निंग टाकलीय की डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये यानं मृत्यूचा धोका वाढतो. कधीकधी देण्याशिवाय इलाज नसतो हेही खरं. पण आधी दुसरं काही करून बघायचं असतं.

ते दुसरं काही एका नर्सिंग असिस्टंटनं केलं. पन्नाशीची हैतीयन बाई, इथल्या हॉस्पिटलांत आणि नर्सिंग होम्समध्ये (आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हातारी-आजारी माणसं राहतात ती जागा) अशा कितीतरी हैतीयन बायका हे काम करतात, डायपर बदलणं, अंग पुसणं, भरवणं. शिफ्टला आली, दोन मिनिटं दारात उभी राहून बघितलं आणि मला विचारलं, हे आयुष्यभर काय काम करत होते? मी सांगितलं, बसस्टँडवर, कुठली बस कुठे आणि कधी ते बघायचे. तिनं मोठा लाइट बंद करून कोपऱ्यातला लावला. अलार्मची पिन काढली आणि स्वतः खुर्ची घेऊन बसली. अण्णांचा चष्मा आणि कानातलं मशीन ड्रॉवरमध्ये पडलं होतं ते शोधून लावलं, म्हणजे इतका वेळ माणूस आंधळा आणि बहिरा होता आणि आम्ही सगळे त्याच्यावर ओरडत होतो. मग मला म्हणाली, यांना सांग की ड्यूटी संपली, दुसरा माणूस आलाय. मी सांगितलं, "अण्णा, रिलीव्हर आलाय. चार्ज दिला की मोकळे." अण्णांनी तिच्याकडे नीट बघितलं, वर-खाली, युनिफॉर्म आहे हे बघून त्यांचं समाधान झालं असावं, आणि मराठीत तिला सांगायला लागले की पहाटेची निपाणी अजून लागलेली नाही, ड्रायव्हरला उठवायला पाहिजे. ती "ओके, ओके" करत एका कागदावर खरंच लिहून घेत होती. वीस मिनिटांत झोपले.

मी तिला विचारलं हे कुठे शिकलीस. आधी नर्सिंग होममध्ये होते, तिथे दरवर्षी शिकवतात, म्हणाली. ते नंतर मी शोधून बघितलं तर खरंच आहे, या राज्यात नर्सिंग होममध्ये प्रत्यक्ष काळजी घेणाऱ्या माणसाला डिमेन्शियाचं सुरुवातीला आठ तास आणि मग दरवर्षी चार तास ट्रेनिंग घ्यावं लागतं, २०१४ पासूनचा नियम आहे. मला यातली गंमत वाटते ती ही, की ताशी पगारावर काम करणाऱ्या बाईला दरवर्षी, आणि डॉक्टरला जन्मात एकदा. आणि त्या रात्री खोलीतल्या सगळ्यांत जास्त कळत होतं ते तिला. स्लाइड ढकलून हे येत नाही या मुद्द्यावर आमचा मित्र बरोबर आहे, मी कबूल करते, पण मग उपाय स्लाइड कमी करणं हा नाही, शिकवण्याची पद्धत बदलणं हा आहे.

पद्धत आहेही. डॉ. संजीव अरोरा म्हणून न्यू मेक्सिको विद्यापीठात लिव्हरचे डॉक्टर, त्यांच्याकडे हेपटायटिस सीच्या पेशंटला आठ-आठ महिने नंबर लागत नव्हता, लोक लांबून गाडी चालवत अल्बुकर्कीला यायचे. २००३ मध्ये त्यांनी प्रोजेक्ट एको सुरू केलं. पेशंटला शहरात आणण्याऐवजी गावोगावच्या डॉक्टर-नर्सना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवायचं, त्यांनी आपापला खरा पेशंट, नाव न सांगता, मांडायचा, स्पेशालिस्ट आणि बाकीचे मिळून त्यावर बोलायचे. लेक्चर थोडं, केस जास्त. २०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय मासिकात रिझल्ट आले, विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये बरे झालेले ५७.५ टक्के आणि गावातल्या साध्या दवाखान्यांत आणि जेलमध्ये ५८.२. म्हणजे तसूभरही कमी नाही. आता हीच पद्धत डिमेन्शियासाठी देशभर वाढवायला पैसे द्या असं एक बिल अमेरिकन काँग्रेसमध्ये आहे, आडाप्ट ॲक्ट म्हणतात, २०२४ मध्ये आलं, त्या काँग्रेसची मुदत संपली तसं पडलं, २०२५ मध्ये दोन्ही पक्षांच्या लोकांनी परत मांडलं. इथे बिलं अशीच असतात, कोर्टाच्या तारखांसारखी. झालं तर चांगलंच आहे. माझी तक्रार एवढीच की त्यातही भर पुन्हा प्रायमरी केअरवर आहे, आणि अंघोळ घालणारा माणूस कायद्याच्या कागदावर नेहमी शेवटून पहिला असतो.

आणि तिकडे आपल्याकडे तर तो कागदावरच नाही.

माझी मावशी सांगलीला असते, तिला हाच आजार, आणि मामेभाऊ-मावसबहिणी सगळ्या पुण्या-मुंबईत. ब्युरोकडून बाई येते, बारा तासांची. ब्युरोवाला फोनवर सांगतो "पेशंटची सवय असलेली आहे", म्हणजे तिनं आधी कुठेतरी कुणाचं तरी बेडपॅन दिलेलं असतं. लॅसी-डॅड नावाच्या मोठ्या अभ्यासातून भारतात साठीच्या वरच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आला, साठीच्या वरचे शंभरात सात. या सगळ्यांना कोण सांभाळतंय? सुना, मुली, बायको, आणि परवडत असेल तर ब्युरोची बाई. कायदे आहेत आपल्याकडे, नाहीत असं नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती हा शब्द आहे, आणि सरकारी दवाखान्यांतल्या सगळ्या मेडिकल ऑफिसरना मानसिक आरोग्याचं किमान प्राथमिक ट्रेनिंग द्यावं असंही लिहिलंय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात तर सरकारी हॉस्पिटलमध्ये वेगळी रांग द्या असं आहे. रांग झाली. रांगेच्या टोकाला जो बसलाय त्याला "आजी, तुमची मुलगी जरा आत येऊ दे" हे विचारायला कोण शिकवणार ते नाही.

आणि हे करता येत नाही असं कुणी म्हणू नये, कारण शेजारी गोव्यात करून दाखवलेलं आहे. डॉ. अमित डायस आणि संगाथ या तिथल्या संस्थेच्या लोकांनी तिसवाडी आणि बार्देसमध्ये ८१ घरांत हा प्रयोग केला, २००८ मध्ये छापून आला. डॉक्टर नाही, नर्स नाही, स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं घेतली, आठवड्याभराचं जोरदार ट्रेनिंग दिलं, आणि ती सहा महिने घरोघरी जात राहिली. आजार काय आहे ते समजावून सांगायचं, चिडचिड झाली तर काय करायचं, अंघोळीला नाही म्हणाले तर काय, सरकारी योजना कुठली मिळेल, आणि गरज पडली तर मागे सायकियाट्रिस्ट होतेच. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण खरंच कमी झाला, मोजून. या प्रयोगाला आता किती वर्षं झाली बघा, आणि आपण अजून ब्युरोवाल्याच्या "सवय असलेली"वर आहोत.

मावशीकडची बाई हुशार आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर मावशीशी बोलून झालं की ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाते आणि हळूच मला प्रश्न विचारते, कारण माझ्याकडे अण्णा आहेत हे तिला माहीत आहे. आत्ताच जेवल्या तरी जेवायला दे म्हणतात, देऊ का नको? आरशातल्या बाईला घाबरतात, आरसा झाकला तर चालेल का? साहेब (म्हणजे मावशीचे यजमान) गेलेत हे रोज सांगितलं तर रोज नव्यानं रडतात, मग सांगू का फिरायला गेलेत? हे तिन्ही प्रश्न मी अण्णांच्या डॉक्टरबाईंच्या क्लिनिकमधल्या सोशल वर्करला विचारले आणि उत्तरं तिला व्हॉइस मेसेजनं पाठवली. थोडं थोडं चार वेळा द्या. आरसा खुशाल झाका. आणि साहेबांचं, रोज नका सांगू, साहेब कसे होते ते त्यांनाच विचारा, बोलू द्या. तिनं ते मेसेज पुढे ब्युरोच्या दुसऱ्या बायकांना पाठवले, असं परवा कळलं. आता त्यांचे प्रश्न यायला लागलेत. काल एकीनं मिरजेहून विचारलंय की आजोबा रात्री दोनला शर्ट-पँट घालून ऑफिसला निघतात, कुलूप लावलं तर दार बडवतात, मुलगा म्हणतो झोपेची गोळी दे. मी तिला आधी एवढंच लिहिलं की गोळीचं नाव बघून पाठव, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नको.